पीईजी ४०००: जुन्या होडीच्या लाकडाला चांगलं, लोखंडाशी मात्र वैर

शेकडो वर्षं पाण्याखाली असलेली होडी बाहेर काढून नुसती सुकवली, तर फळ्या आक्रसतात, पिळवटतात, चिरफळतात. पेशींच्या भिंती कुजलेल्या आणि आधार फक्त आतल्या पाण्याचा. त्या पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, मुरवायचं. सागरी पुरातत्त्वाच्या प्रशिक्षणात हाच माल हाताळावा लागतो.

मागवताना ग्रेड सांगा, म्हणजे रेणूच्या वजनाचा आकडा; आकडा मोठा तितका रेणू मोठा, ग्रेड जड. ४०० पातळ द्रव असतो. ४००० चे पांढरे मेणचट फ्लेक्स मिळतात. (३३५० हे त्यांचंच भावंड, औषधाच्या दुकानात बद्धकोष्ठावर मिळतं.) कोणती ग्रेड, हे लाकडावर ठरतं. छोट्या तुकड्याचं ओलं वजन घ्या, मग १०५ अंशांवर वाळवून कोरडं. पाणी कोरड्या लाकडाच्या चौपटीहून जास्त भरलं तर लाकूड पार कुजलंय, ४००० चालेल. दुपटीहूनही कमी असेल तर गाभा घट्ट आहे. तिथे मोठे रेणू शिरत नाहीत, हलकी ग्रेडच हवी. एकाच फळीत बहुधा दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून आधी हलकी आणि नंतर जड. इंग्लंडच्या मेरी रोज जहाजाला १९९४ पासून आधी २०० आणि मग २००० फवारलं. फवारे बंद झाले ते २०१३ मध्ये.

टाकी प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची घ्या; साध्या लोखंडाला हे द्रावण खातं. गोड्या पाण्यात क्षार निघून गेल्यावर ५-१० टक्के पीईजीच्या द्रावणाने सुरुवात करा. रिफ्रॅक्टोमीटरचा (द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा स्थिरावल्याशिवाय पुढचे पाच टक्के वाढवू नका. घाई केली की पाणी झपाट्याने बाहेर ओढलं जातं, पीईजी मागे राहतं आणि पेशी टाकीतच चेपतात. शेवटी वर काळपट मेणाचा थर बसतो. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तो हलकेच पुसला, की तासणीचे घाव पुन्हा दिसू लागतात.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापला तो लोखंडामुळे. स्टॉकहोमचं व्हासा जहाज १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर आलं, त्यावर १७ वर्षं पीईजी फवारलं. २००० च्या दमट उन्हाळ्यात लाकडावर आम्लधर्मी क्षारांचे डाग फुटले. बंदराच्या घाण पाण्यातला गंधक लाकडात मुरला होता, जोडीला बोल्टांचा गंज. हवा आणि ओलावा मिळताच त्याचं गंधकाम्ल झालं. लोखंडामुळे खुद्द पीईजीही विघटतं. नंतर तिथे पाच हजारांवर बोल्ट स्टेनलेसचे बसवले. तेव्हा खिळे काढता येत असतील तर टाकीत उतरवण्याआधीच काढा. जागा नोंदवून, खुणेची चिठ्ठी लावून.

वल्ह्याचं पातं, खुंट्या असे सुटे भाग फ्रीझ ड्रायरमध्ये (गोठवून सुकवणाऱ्या यंत्रात) जास्त छान निघतात: वजन हलकं, रंग उजळ. मोठ्या होडीला मात्र तेवढं यंत्र कुठून आणणार?

कोकण-गोव्यात हलक्या ग्रेडची वेगळी डोकेदुखी आहे. ती हवेतला ओलावा शोषते. जुलैत आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की लाकूड चिकट होतं, थेंब पाझरतात. दालन ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवायला डीह्युमिडिफायर चोवीस तास चालवावा लागतो. त्याच्या विजेचं बिल आणि जनरेटरचं डिझेल हे पीईजीच्या कोटेशनमध्येच धरा.