घोड्यांसोबतचा मानसोपचार: सहा महिने, चोवीस सत्रं, आणि हाती काय लागतं

आधी नावाचा घोळ. 'हॉर्स थेरपी' म्हणून तीन निराळ्या गोष्टी खपतात. हिप्पोथेरपीत फिजिओथेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपयोग करतात, कारण चालत्या घोड्यावर बसलेल्या माणसाची कंबर स्वतः चालताना हलते जवळपास तशीच हलते. थेराप्यूटिक रायडिंगमध्ये रपेट शिकवतात. तिसरा प्रकार मनाच्या उपचारांचा. त्यात बहुतेक वेळा खोगीर चढवतच नाहीत, सगळं काम जमिनीवर उभं राहून. हा आढावा या तिसऱ्याचा आहे: आठवड्याला एक सत्र, ७५ मिनिटांचं. मैदानात दोघं हजर हवेत, एक परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा घोडा ओळखणारा जाणकार. १९९९मध्ये सुरू झालेल्या 'ईगाला' या संस्थेच्या पद्धतीत ही जोडी सक्तीची आहे, आणि ते रास्तच. एकट्याला माणूस आणि घोडा दोन्हीकडे लक्ष ठेवता येत नाही.

सत्राची पहिली दहा मिनिटं कुंपणाबाहेरून नुसतं बघायचं. कान कुठे वळलेत, कोणता मागचा पाय सैल सोडलाय, ओठ ढिले आहेत की आवळलेले. मग पंधरा मिनिटं खरारा. रबरी खरारा मानेपासून पाठीकडे गोल गोल फिरवायचा, त्यानंतर कडक ब्रश केसांच्या दिशेने. तोंडावर आणि गुडघ्याखालच्या हाडांवर खरारा चालवायचा नाही, तिथे फक्त मऊ ब्रश.

उपचाराचं निम्मं काम या खराऱ्यातच होतं, हे कळायला महिना जातो. माशी बसली तर घोडा तेवढ्याच जागेची कातडी थरथरवतो, इतकी ती संवेदनशील. डोक्यात विचारांची गर्दी झाली की माणसाचा हात आपोआप जोरात आणि भराभर चालतो. घोडा आधी एक कान मागे वळवतो. मग मान उंचावतो. तरी हात तसाच राहिला तर एक पाऊल बाजूला सरकतो. घाबरट माणसाला तिसरी खूण तेवढी दिसते आणि 'याला मी आवडत नाही' असा निष्कर्ष तयार असतो. आठव्या-दहाव्या सत्रापर्यंत पहिली खूण दिसू लागते. तेव्हा खरारा थांबवून तळवा खांद्यावर टेकवायचा आणि घोड्याची कूस बघत श्वास लांबवायचा. स्वस्थ उभा घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो, त्यामुळे नजर तिथे ठेवली की आपलाही श्वास उतरतो. मोजत बसायची गरज पडत नाही.

पुढची तीस मिनिटं एखादं काम. सगळ्यात साधं आणि सगळ्यात बोलकं म्हणजे घोडा चालवत नेणं. मोरखीला, म्हणजे घोड्याच्या डोक्यावर चढवलेल्या पट्ट्यांना, तीनेक मीटरचा दोर. जवळजवळ प्रत्येक जण घोड्याकडे तोंड करून दोर ओढतो. घोडा जागचा हलत नाही, कारण समोर तोंड करून उभा असलेला माणूस म्हणजे 'थांब', आणि दोर ताणला की तो उलट मागे झुकतो. साडेचारशे किलोशी ओढाताण करून काही निघत नाही. त्याच्या खांद्याशी उभं राहायचं, जायचंय तिकडे बघायचं, चालू लागायचं. दोराला झोळ हवा. तो पहिल्यांदा नुसता सोबत चालू लागतो तेव्हा काही जण तिथल्या तिथे रडतात.

शेवटची वीस मिनिटं बोलायची. ही कापली तर उरते ती सहल. "दोर नेमका कधी ताणला?" एवढ्या प्रश्नावर चांगला थेरपिस्ट अर्धं सत्र काढतो, कारण उत्तर घोड्यापासून निघून घरातल्या माणसांपर्यंत जातं.

'घोडा मनाचा आरसा असतो' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते जपून घ्यावं. ससेक्स विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात घोड्यांनी रागीट चेहऱ्यांचे फोटो जास्त करून डाव्या डोळ्याने, म्हणजे धोक्याच्या गोष्टींकडे बघतात तसे, पाहिले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. म्हणजे माणसाचा चेहरा त्यांना कळतो. पण दूर जाणारा घोडा चंदीच्या वेळेमुळे, माशांमुळे किंवा सोबतचा घोडा खिंकाळला म्हणूनही जातो. अशा वेळी 'तुम्ही काहीतरी लपवताय' असं म्हणणारा थेरपिस्ट, आधीच नाकारलं गेल्याचं ओझं वाहणाऱ्या माणसाचं नुकसान करतो.

पुरावा आहे, पण बेताचा. कोलंबिया विद्यापीठाच्या पथकाने २०२१मध्ये ६३ माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतरच्या ताणाची त्यांची लक्षणं दर आठवड्याला एक अशा ९० मिनिटांच्या ८ गटसत्रांनंतर कमी झाली. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. चालू औषधं आणि नेहमीचं समुपदेशन याच्या भरवशावर बंद करू नये.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. मधेच घोडा बदलला की ओळख पुन्हा पहिल्यापासून. लाडाने हातातून खाऊ दिला की पुढच्या वेळी तो खिसे हुंगतो, चावे घेतो आणि सगळं सत्र त्यातच जातं. तिसरं, घोडा थकलेला असतो. कान मागे चिकटलेले, शेपटीचे फटकारे, डोळ्यावर त्रिकोणी सुरकुत्या, पुन्हा पुन्हा जांभया दिसल्या तर सत्र थांबवायला सांगावं. यावर जाणकार 'त्याची सवयच आहे ती' म्हणाला, तर केंद्र बदलावं. घोडे रोज किती तास मोकळे, इतर घोड्यांसोबत असतात, हे नाव नोंदवण्याआधीच विचारावं.

बंद बूट हवेत, जमिनीवरच्या कामालाही हेल्मेट हवं. दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही, घोडा बुजला तर बोटं जातात. ऐन पाठीमागे आणि कपाळाच्या अगदी पुढे त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जावं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. दमा किंवा गवताच्या धुळीची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. भ्रम-भास चालू असताना, किंवा प्राण्यांना इजा केल्याचा इतिहास असेल तर, हा उपचार नको.

चौथ्या महिन्यात सगळं थबकल्यासारखं वाटतं, तेव्हा कामं अवघड करण्यापेक्षा पुन्हा नुसत्या खराऱ्यावर यावं. शेवटची तीन सत्रं निरोपाला राखावीत. शेवटच्या दिवशी मोरखी आपल्या हाताने काढायची असते. ती निघाली की घोडा बहुतेक वेळा सरळ गवताकडे चालू लागतो, मागे वळूनही पाहत नाही. थेरपिस्टने हे आदल्या आठवड्यातच सांगून ठेवावं.