फोकस्ड इको की पूर्ण टूडी इको: शिकायला सुरुवात कुठून करावी?

हृदयाची सोनोग्राफी शिकायची ठरली की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे खाटेशेजारी पाच-दहा मिनिटांत होणारी फोकस्ड इको. तिच्यात मोजके प्रश्न असतात आणि उत्तरं बहुतेक हो-नाही स्वरूपाची. दुसरी म्हणजे पूर्ण ट्रान्सथोरॅसिक (छातीवरून केलेली) तपासणी, म्हणजे सगळे जिला टूडी इको म्हणतात ती. मापं, डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणं) आणि रिपोर्ट धरून तिला अर्धा ते एक तास लागतो.

इमर्जन्सी, आयसीयू किंवा भूल विभागात असाल तर फोकस्डपासून सुरुवात करा. इको टेक्निशियन किंवा कार्डिऑलॉजिस्ट व्हायचं असेल तर थेट पूर्ण तपासणीच धरा. मधल्या लोकांना, विशेषतः मेडिसिनच्या रेसिडेंटना, थोडा विचार करावा लागतो.

हात दोन्हीकडे तोच

पहिले काही आठवडे दोन्ही वाटांवर सारखेच जातात. प्रोब (छातीवर टेकवायचा मशीनचा भाग) फेज्ड ॲरे प्रकारचा, साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झचा, तोंड लहान असल्याने बरगड्यांच्या फटीत बसणारा. पेशंट डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डावीकडे तिसऱ्या-चौथ्या फटीत प्रोब, मार्कर (प्रोबच्या कडेवरची खूण) पेशंटच्या उजव्या खांद्याकडे: हा पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिस, म्हणजे हृदयाचा लांबीतला छेद. तिथेच प्रोब ९० अंश घड्याळाच्या दिशेने फिरवला की शॉर्ट ॲक्सिस, म्हणजे आडवा छेद.

ऐकायला सोपं वाटतं, पण नवशिका अडकतो तो इथेच. फिरवताना प्रोब नकळत फटीवरून बरगडीवर सरकतो, चित्र जातं आणि मग तो चारही दिशांना एकदम हलवत सुटतो. करंगळी आणि तळहाताची कड छातीवर टेकलेली ठेवा आणि एका वेळी एकच हालचाल करा: सरकवणं, फिरवणं, कलवणं किंवा झुकवणं. शॉर्ट ॲक्सिसमध्ये एलव्ही (हृदयाचा डावा खालचा कप्पा) गोल न दिसता लांबट दिसली, तर आजाराची शंका घेण्याआधी आपला छेद तिरका गेलाय का ते बघा. चित्र धूसर असेल तर पॅरास्टर्नलला श्वास सोडून थांबायला सांगा आणि सबकॉस्टलला (बरगड्यांखाली, पोटावरून बघताना) घेऊन.

मार्करची एक भानगड आधीच मिटवून टाका. कार्डिऑलॉजीच्या सेटिंगमध्ये स्क्रीनवरचा मार्कर उजवीकडे असतो. इमर्जन्सीतल्या मशीनवर अनेकदा डावीकडे. सेटिंग न बघता प्रोब ठेवला की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं येतं, आणि अपिकल फोर चेंबरमध्ये (हृदयाच्या टोकाकडून चारही कप्पे दाखवणाऱ्या चित्रात) आरव्हीला, म्हणजे उजव्या खालच्या कप्प्याला, एलव्ही समजण्याचा गोंधळ होतो. ट्रायकस्पिड (उजवी) झडप मायट्रलपेक्षा (डावीपेक्षा) अपेक्सच्या, म्हणजे हृदयाच्या टोकाच्या, थोडी जवळ असते, तेवढी खूण लक्षात ठेवली की बाजू चुकत नाही.

चुका मात्र वेगळ्या

फोकस्डमधल्या चुका बघण्याच्या असतात. हृदयाभोवती पाणी आहे का? एलव्ही बरी आकुंचन पावतेय का? आरव्ही फुगली आहे का? आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे येणारी मोठी शीर) कशी आहे? उत्तर चुकतं ते बहुधा एकाच विंडोवर (प्रोब ठेवून बघायच्या जागेवर) विश्वास ठेवल्यामुळे. लाँग ॲक्सिसमध्ये खोली सुरुवातीला १५-१६ सेंमी ठेवा, म्हणजे डिसेंडिंग एओर्टा (खाली जाणारी महाधमनी) चौकटीत येईल. पाणी त्या एओर्टाच्या पुढून, डाव्या एट्रियमच्या (वरच्या कप्प्याच्या) बाजूने शिरत असेल तर ते पेरिकार्डियल, म्हणजे हृदयाभोवतीचं; एओर्टाच्या मागे असेल तर प्लुरल, म्हणजे फुफ्फुसाभोवतीचं. खोली आधीच कमी केली असेल तर हा भेद करताच येत नाही. फक्त पुढच्या बाजूला दिसणारी, हृदयाबरोबर हलणारी पट्टी बहुतेक वेळा चरबी असते.

आयव्हीसीबाबत नेहमीचा घोटाळा म्हणजे शेजारच्या एओर्टालाच आयव्हीसी समजणं. नळी उजव्या एट्रियममध्ये उघडताना दिसली आणि तिला यकृताची शीर येऊन मिळताना दिसली, तरच मापा. माप एट्रियमपासून १ ते २ सेंमीवर. व्यास २.१ सेंमीपर्यंत आणि नाकाने झटकन श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल तर उजव्या एट्रियमचा दाब सुमारे ३ मिमी मर्क्युरी धरतात. त्याहून रुंद आणि निम्म्याहून कमी मिटत असेल तर १५. मधल्या स्थितीत ८. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला हे कोष्टक लावू नका. यंत्राने दिलेल्या श्वासात आयव्हीसी मिटण्याऐवजी फुगते.

पूर्ण तपासणीतल्या चुका मापण्याच्या असतात, आणि चुकलेलं मापही रिपोर्टमध्ये दशांशासकट छापलं जातं, हे त्यातलं दुखणं. डॉप्लरची रेघ रक्ताच्या धारेशी ३० अंश तिरकी पडली तर ४ मीटर प्रति सेकंदाचा वेग साधारण ३.५ दिसतो. दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या चौपट धरायचा असल्यामुळे ६४ मिमी मर्क्युरीचे ४८ होतात. एओर्टिक स्टेनोसिस (एओर्टाची झडप अरुंद होणं) तीव्र मानण्याची वेगाची मर्यादाच ४ मीटर आहे. म्हणजे केवळ हाताच्या कोनामुळे तीव्र आजार मध्यम ठरला. म्हणून सर्वाधिक वेग एकाच अपिकल विंडोवरून घेऊन थांबत नाहीत. उजव्या पॅरास्टर्नलवरूनही घेतात आणि मिळालेल्यातला सर्वात मोठा धरतात.

एलव्हीओटीचा (एलव्हीतून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेचा) व्यास तर आणखी फसवा; झडपेचं क्षेत्रफळ त्यावरूनच काढतात. खरा २.० सेंमी असताना १.८ मापला की क्षेत्रफळ ३.१४ वरून २.५४ चौरस सेंमीवर येतं. त्यामुळे १.१ चौरस सेंमीची एओर्टिक झडप कागदावर ०.९ होते आणि स्टेनोसिस तीव्र ठरतो. चूक २ मिलिमीटरची! लाँग ॲक्सिसमध्ये झूम करून, सिस्टोलच्या (आकुंचनाच्या) मध्यावर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मापायचं, ही शिस्त त्यासाठीच.

अपिकल विंडोवरचं आखडलेलं चित्र दोन्हीकडे सतावतं. प्रोब खऱ्या अपेक्सच्या वर, एक फट आधीच टेकला की एलव्ही बुटकी, गोलसर दिसते आणि टोक जाड होऊन जोरात आकुंचन पावल्यासारखं वाटतं. खरा अपेक्स पातळ असतो आणि फारसा हलत नाही. फोकस्डमध्ये यामुळे “पंपिंग छान आहे” असा खोटा दिलासा मिळतो. पूर्ण तपासणीत सिम्पसनच्या पद्धतीने (एलव्हीच्या चकत्यांची बेरीज करून) काढलेली घनफळं कमी येतात, ईएफ (दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचा टक्का) फुगतो आणि टोकाशी असलेली गुठळी निसटते. उपाय एकच: एक फट खाली आणि थोडं बाहेर सरका.

सराव कशावर, किती

सिम्युलेटरवर प्रोब फिरवला की आतला छेद कसा बदलतो, हे झटकन कळतं. पहिले दोन-तीन तास त्यावर जरूर घालवा. पण त्याला फुफ्फुस आड येत नाही, बरगडीची सावली त्रास देत नाही आणि धाप लागलेला माणूस कुशीवर वळायला नकार देत नाही. सडपातळ, निरोगी स्वयंसेवकावर विंडो बसवा, मग लवकरात लवकर खऱ्या पेशंटकडे वळा. आयसीयूत बऱ्याचदा सबकॉस्टलच हाती लागते. तिथे गुडघे दुमडून घ्या, प्रोब वरून पकडा, पोटावर जवळजवळ आडवा करा आणि मध्यापासून थोडं उजवीकडे, यकृतातून बघा.

आकडे बघा. अमेरिकेच्या इमर्जन्सी फिजिशियन संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका प्रकारच्या फोकस्ड तपासणीसाठी २५ ते ५० तपासलेल्या केसेस सांगितल्या आहेत. कार्डिऑलॉजीच्या अमेरिकी प्रशिक्षण निकषांत, २०१५ च्या आवृत्तीप्रमाणे, इकोच्या पहिल्या पातळीलाच स्वतः केलेल्या ७५ आणि वाचलेल्या १५० लागतात. स्वतंत्रपणे काम करण्याच्या दुसऱ्या पातळीला १५० आणि ३००. कुणी जाणकाराने न तपासलेल्या केसेस यात मोजू नका. पन्नास वेळा तीच चूक केली की ती फक्त पक्की होते.

हातात मावणाऱ्या प्रोबवर फोकस्ड आरामात शिकता येते. पूर्ण तपासणी त्यावर शिकायला जाऊ नका. त्यातल्या बहुतेकांवर कंटिन्युअस वेव्ह डॉप्लर (जास्त वेग मोजणारा) नसतो आणि ईसीजीच्या तीन तारा जोडायची सोयही नसते. ईसीजीशिवाय डायस्टोलचा (हृदय सैल होऊन भरण्याच्या टप्प्याचा) शेवट अंदाजानेच धरावा लागतो.

मेडिसिनच्या रेसिडेंटने काय करावं

तुमच्या उत्तरावर लगेच उपचार ठरणार असतील, उदाहरणार्थ शॉकमधल्या पेशंटला सलाइन द्यायचं की नाही, तर आधी फोकस्ड. पुढे इकोचे रिपोर्ट स्वतः सही करून द्यायचे असतील तरीही पहिला महिना फोकस्डला द्यायला हरकत नाही, फक्त दोन सवयी लावून घ्या. मार्कर उजवीकडे ठेवूनच शिका आणि उत्तर मिळालं तरी पाचही विंडो पूर्ण करा: दोन पॅरास्टर्नल, अपिकल, सबकॉस्टल आणि आयव्हीसी. इको टेक्निशियनला मात्र आम्ही फोकस्डची वाट सुचवत नाही. उत्तर मिळताच थांबणं हा फोकस्डचा गुण, आणि टेक्निशियनच्या कामात तोच दोष. तो एकदा अंगवळणी पडला की काढायला फार वेळ जातो.