आमच्या तालुक्याचं सेतू केंद्र: यंदा एकाच खेपेत काम

लेकीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. दोन वर्षांपूर्वी याच खिडकीवर तीन खेपा झाल्या होत्या. दर वेळी नवाच कागद निघायचा. यंदा तिथल्या ताईंनी आधी सगळे कागद चाळले, स्वयंघोषणापत्रात तारीख राहिली होती ती भरून घेतली, मगच अर्ज चढवला. पावती हातात दिली आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांत नाही आला तर वर अपील करा, तुमचा हक्क आहे." लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, पण तो कर्मचाऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. दाखला नवव्या दिवशी मिळाला.

बदल कसा झाला, विचारलं. आता दर शुक्रवारी साहेब सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून अडचणी विचारतात, खिडक्याही आळीपाळीने मिळतात. ताईंनीच सुचवलेली कागदांची यादी दारावर मोठ्या अक्षरांत लावलीय. ते सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

सर्व्हर मात्र तासभर बंद होता, आणि म्हातारी माणसं उभीच. चार बाकडी टाकाच. सातबाऱ्यासाठी इथे रांग लावू नका, डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत घरबसल्या मिळतो.