हाय-ओलेइक सूर्यफूल तेल : दोन महिन्यांच्या वापरानंतर

गेले दोन महिने मी नेहमीच्या सूर्यफूल तेलाऐवजी हाय-ओलेइक, म्हणजे ओलेइक आम्ल हे मेदाम्ल जास्त असलेले, सूर्यफूल तेल वापरतो आहे, आणि त्याचा गुण पहिल्यांदा दिसला तो कढईच्या काठावर. दोन-तीनदा तळण झाले की तिथे जो पिवळट, चिवट थर बसतो आणि घासूनही निघत नाही, तो या तेलाने फारच कमी धरला. उघडलेली बाटलीही अद्याप खवट झालेली नाही. वास जवळजवळ नाही. तेलाची चव लागायला हवी असणाऱ्यांना ते बेचव वाटेल.

हा टिकाऊपणा बियाण्यातूनच आलेला आहे. सूर्यफुलाच्या बीमधील एक विकर (एन्झाइम) ओलेइक आम्लाच्या रेणूत दुसरा दुहेरी बंध घालून त्याचे लिनोलेइक आम्ल हे दुसरे मेदाम्ल करते, आणि हवेतला ऑक्सिजन नेमका त्या दोन बंधांमधल्या जागी सहज शिरकाव करत असल्याने लिनोलेइक कितीतरी लवकर बिघडते. सोव्हिएत संघातील संशोधक सोल्दातोव्ह यांनी रासायनिक उत्परिवर्तनातून निवडलेल्या आणि १९७६ मध्ये जाहीर केलेल्या ‘पेर्वेनेट्स’ या वाणात ते विकर बनवणारे जनुक बीपुरते जवळजवळ मुके झाले होते. गंमत अशी, की जनुक हरवले नव्हते. उलट त्याचा काही भाग दुबार झाला होता, आणि त्या जादा प्रतीमुळेच पेशीने मूळ जनुकालाही गप्प केले. पुढची बहुतेक हाय-ओलेइक वाणे याच वंशातली. त्यांच्या तेलात ओलेइक साधारण ८० टक्के किंवा अधिक असते. पारंपरिक सूर्यफूल तेलात मात्र निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेइकचा असतो.

तक्रार आहे ती लेबलबद्दल. माझ्या बाटलीवर हृदयाचे चित्र ठळक आहे, ओलेइकचे प्रमाण मात्र कुठेच छापलेले नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये हृदयविकाराविषयी मर्यादित दावा करण्याची मुभा दिली, ती किमान ७० टक्के ओलेइक असलेल्या तेलांना, पुरावा निर्णायक नसल्याचे सांगण्याच्या अटीवर, आणि संपृक्त मेदाच्या जागी, उष्मांक न वाढवता वापर केला तरच. नेहमीचे सूर्यफूल तेलही मुळात असंपृक्तच असल्याने, ते सोडून हे घेणाऱ्याने तेवढ्या लाभाची अपेक्षा धरू नये. शिवाय लिनोलेइक शरीराला लागते, पण स्वतः बनवता येत नाही, आणि ओमेगा-३ तर दोन्ही तेलांत नावापुरतेच असते.

तळणासाठी पुढची बाटली मी हीच घेईन. कच्चे वापरायचे तेल मात्र वेगळे ठेवले आहे.