कुरडई, बिबड्या आणि अर्धा सेंटीमीटर: घरगुती ऑनलाइन दुकानाचे अकरा महिने

मंगळवारी सकाळी सात पार्सलं बांधून ठेवली आणि लेबल काढायला बसले, तर कुरिअरच्या ॲपवर लाल पट्टी. वॉलेटमध्ये वजा ५६२ रुपये ६४ पैसे. आदल्या रात्रीच १५०० भरले होते. खाली बारीक अक्षरात कारण होतं, 'वजन तफावत, ४६ पार्सल'. म्हणजे गेल्या तीन आठवड्यांतली ४६ पार्सलं त्यांच्या मशीनवर पुन्हा मोजली गेली आणि प्रत्येकामागे ४४ रुपये ८४ पैसे जास्तीचे कापले गेले. पैसे भरल्याशिवाय नवीन लेबल निघेना. सात पार्सलं दिवसभर दिवाणाखाली पडून राहिली. त्यातलं एक एका बाळंतिणीच्या आईने मागवलेलं होतं आणि ते वेळेत पोचणं गरजेचं होतं. त्या दिवशी ठरवलं, आता अकरा महिन्यांचा सगळा अनुभव लिहायचाच.

आम्ही जळगावचे. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुकान उघडलं. दुकान बांधून देणारं ॲप कसं घ्यायचं, फोटो कसे टाकायचे, पैसे घ्यायची सोय कशी जोडायची, याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते इथे पुन्हा सांगत नाही. फूड लायसनचंही तसंच. घरगुती लहान धंद्याची नोंदणी मी घेतली तेव्हा वर्षाला १०० रुपये होती, चौदा आकडी नंबर येतो, तो लेबलवर छापायचा. हे सगळं आठवड्याभरात उरकतं. उरकत नाही तो एकच प्रश्न: विकायचं काय?

मी तो प्रश्न चुकीच्या टोकाने सोडवला. आपल्या घरात सगळ्यात चांगलं काय होतं, एवढंच बघितलं. उत्तर सरळ होतं, सासूबाईंच्या कुरडया. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर सोऱ्याने घालून मोकळं व्हायचं. त्यांची कुरडई तळली की दुपटीहून मोठी फुलते आणि पांढरीशुभ्र राहते. गल्लीतल्या चार घरी लग्नाच्या रुखवतात आमच्याच कुरडया जातात. मला वाटलं, हेच विकायचं.

पहिल्या दोन महिन्यांत कुरडईच्या ४१ ऑर्डरी आल्या आणि प्रत्येक ऑर्डरीत पैसे गेले. मला ते कळायलाच दीड महिना लागला, कारण मी कुरडई किचनच्या काट्यावर तोलत होते आणि कुरिअर ती टेपने मोजत होतं.

हे नीट सांगते, कारण माझं अख्खं दुकान या एका भागाकारावर फिरलं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. येतं ते आकारमानाचं वजन, किलोत. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. तेही अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने, टप्प्याच्या एक ग्रॅम वर गेलात की पुढचा टप्पा लागतो. अर्धा किलो कुरडया न मोडता पाठवायच्या तर मला २५ बाय २५ बाय १५ चं खोकं लागायचं. भागाकार केला की १.८७५, म्हणजे दोन किलोचा टप्पा. माझा दर पहिल्या अर्ध्या किलोला ४६ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३८ रुपये. झाले १६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १८८ रुपये ८० पैसे. गिऱ्हाईकाकडून मी घेत होते ६० रुपये पाठवणावळ. ३२० ची कुरडई विकून गहू, गॅस, मजुरी, खोकं आणि पेमेंट गेटवेचे दोन टक्के वजा करता पार्सलमागे ५० रुपये मीच घालत होते. सासूबाईंचा पहाटे चारपासूनचा हात आणि वर माझे पन्नास रुपये.

त्या रात्री मी पापडाचं पाकीट हातात घेऊन बसले होते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. कष्ट, एकी, सचोटी हे तर आहेच. पण मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं की त्यांनी निवडलेली वस्तू चपटी आहे. पापड पापडावर बसतो, मध्ये हवा राहत नाही. कुरडईत निम्म्याहून जास्त हवाच असते आणि त्या हवेचंही भाडं भरावं लागतं.

ओळखीतला प्रत्येक जण मला केळीचे वेफर्स सुचवत होता. जळगावचं केळं, भौगोलिक मानांकन मिळालेलं, नाव आयतंच तयार. पण वेफर्सचं पाकीट म्हणजे फुगवलेली पिशवीच, वर तेलाचा वास लागायची भीती. भागाकार केला आणि विषय बंद केला.

मग बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, कांडून, आंबवून, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर थापायची. वाळल्या की कापडाला मागून पाणी लावून सोडवायच्या. खान्देशाबाहेर बऱ्याच जणांना नावही माहीत नाही. पण जळगाव-धुळ्याहून पुण्याला, मुंबईला, सुरतेला गेलेल्यांना त्यांची जी ओढ आहे ती मला ऑर्डरींवरून कळली. चपट्या, एकावर एक बसणाऱ्या, सहा महिने टिकणाऱ्या. ४०० ग्रॅमचं पाकीट केलं, जाणूनबुजून. अर्धा किलो केलं असतं तर खोक्यासकट ५६५ भरलं असतं आणि दुसरा टप्पा लागला असता. ४०० चं खोक्यासकट ४६७ होतं. खोकं २० बाय १५ बाय ८, भागाकार ०.४८, म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्ध्या किलोच्या आत. २२० ची विक्री, ६० पाठवणावळ आणि सगळं वजा जाता हातात ८५ रुपये. गेल्या दिवाळीत पहिल्यांदा मी सासूबाईंच्या हातात नोटा ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत, देवाजवळ ठेवल्या.

दुसरी वस्तू कळण्याचं पीठ, म्हणजे कळण्याच्या भाकरीचं. आमच्या घरचं प्रमाण चार वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे काळे उडीद आणि खडं मीठ, हे सगळं एकत्र दळायचं. इथे पुन्हा तोच हिशेब, म्हणून पाकीट ९०० ग्रॅमचं, खोक्यासकट किलोच्या आत. "किलो का नाही?" असं बरेच जण विचारतात. मी खरं कारण सांगते आणि कुणी रागावत नाही. ९०० ग्रॅमचं पाकीट असल्याने ग्रॅममागची किंमतही लेबलवर छापावी लागते, ती छापते. पावसाळ्यात मात्र हे पीठ विकू नका. श्रावणात पुण्याच्या एका ताईंनी पाकिटात जाळी धरल्याचा फोटो पाठवला, मी तासाभरात पैसे परत केले आणि दसऱ्यापर्यंत ते पान बंद ठेवलं. आता ऑर्डर आल्यावरच दळून आणते.

पीठ सुरतेला आणि बंगळूरला जायला लागलं तेव्हा जीएसटीचा प्रश्न आला. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर गेला की पहिल्या पाकिटापासून लागते. पापडावर कर नाही, पाकीटबंद लेबल लावलेल्या पिठावर मात्र १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. सरकारी नोंदणीला पैसे पडत नाहीत, पुढची विवरणपत्रं भरायला माणूस लागतो, त्याचे पडतात. तेव्हा वस्तू निवडतानाच हे बघा: तुमचं गिऱ्हाईक राज्याबाहेर आहे का आणि मालावर कर आहे का.

पार्सल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय, म्हणजे सीओडी, मी चौथ्या महिन्यात बंद केली. ६० पैकी १३ पार्सलं परत आली आणि जाताना-येतानाचं दोन्ही भाडं माझ्या डोक्यावर. ऑर्डरी थोड्या घटल्या, झोप लागायला लागली.

एक वस्तू मनापासून आवडली, ती सांगायलाच हवी. लेबलचा थर्मल प्रिंटर. शाईच नाही, कागद तापून अक्षर उमटतं, चार बाय सहा इंचाचं लेबल दोन सेकंदांत हातात. घेतल्यापासून एकदाही अडला नाही. आधी मी साध्या कागदावर छापून वरून चिकटपट्टी मारायचे, पार्सलमागे चार मिनिटं जायची. एकच काळजी घ्या, रोल उन्हात ठेवू नका. आमच्या पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यात ठेवलेला अर्धा रोल काळपट पडला.

आता मूळ भांडणाकडे. ४६ पार्सलं, सगळी बिबड्यांची. खोकं तेच, २० बाय १५ बाय ८. मग तफावत आली कुठून? मी उरलेल्या सात पार्सलांवर टेप धरली. कडेला बरोबर आठ भरत होती. मधोमध धरली तर साडेआठ. झाकण फुगत होतं. हिवाळ्यात थापलेल्या बिबड्या कडांना थोड्या वळल्या होत्या, थप्पी उंच झाली होती आणि मी झाकण दाबून पट्टी मारत होते. २० बाय १५ बाय साडेआठ, भागिले ५०००, उत्तर ०.५१. त्या अर्ध्या सेंटीमीटरने पार्सल दुसऱ्या टप्प्यात गेलं आणि ८५ चे ४० झाले.

मदत केंद्राला फोन केला, तर "सिस्टीमने मोजलंय मॅडम" हे एकच वाक्य चार वेळा ऐकलं. कस्टमर केअरच्या नऊ मेलना एकच छापील उत्तर. बुधवारी रात्री हे लिहायला घेतलं तेव्हा पहिल्या ओळीतच मी या कुरिअर सेवेला कुणीही हात लावू नका असं लिहिलं होतं.

आज शनिवार. ती ओळ खोडली आहे. काल संध्याकाळी निकाल आला, ४६ पैकी ३१ पार्सलांचे १३९० रुपये वॉलेटमध्ये परत. ज्या ३१ चे मी टेप लावलेले फोटो निघण्याआधी काढून ठेवले होते, त्यांचे आले. १५ चे फक्त काट्यावरचे फोटो होते, त्यांचे गेले. फोन उचलणाऱ्या मुलांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, त्यांना उत्तर द्यायची मोकळीकच दिलेली नाही. पण तक्रारीची खिडकी सात दिवस उघडी असते आणि पुरावा दिला तर पैसे येतात, हे मला मान्य करावंच लागेल. आता प्रत्येक खोक्याचे चार फोटो काढते, लांबी, रुंदी, उंची मधोमध आणि काटा. खोकंही बदललं, आठऐवजी साडेसात उंचीचं घेतलं आणि पाकीट ३५० ग्रॅमचं केलं. किंमत त्याच प्रमाणात खाली आणली.

कुरडईचं एक राहिलं. उन्हाळ्यातच नाशिकच्या एका काकूंचं पार्सल पूर्ण चुरा होऊन पोचलं होतं. मी पैसे परत करायला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अगं राहू दे, मी भाजी केली. अजून असा चुरा असेल तर पाठव." कुरडई भिजवून कांदा-मिरचीवर परतलेली भाजी आपण सगळेच खातो, पण चुरा विकता येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चुरा चपट्या पाकिटात बसतो. २५० ग्रॅम, खोकंही नको, जाड पिशवी पुरते, पहिल्याच टप्प्यात जातो. थंडीत मी तो 'भाजीची कुरडई' म्हणून टाकला आणि सगळा संपला.

सासूबाईंना हे पटवणं अवघड गेलं. अख्खी, फुलणारी कुरडई घालण्यात त्यांचा मान आहे आणि मी ती मोडून पाकिटात भरायला सांगत होते. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मग एका दुपारी मागच्या वर्षीचा डबा घेऊन बसल्या आणि हाताने एकेक कुरडई मोडायला लागल्या, बोटभर तुकडा, त्याहून बारीक नाही. "पीठ झालं तर भाजीचा लगदा होतो," एवढंच म्हणाल्या.

या वर्षी चाळीस किलो ज्वारी बिबड्यांना आणि दहा किलो गहू कुरडईला, असं आमचं ठरलंय. दहातल्या आठ किलोंच्या मोडायच्या. दोन किलोंच्या अख्ख्या राहतील, दुकानावर चढणार नाहीत, ज्यांना हव्यात त्यांनी घरी येऊन न्याव्यात. गहू सोमवारी भिजतील.