झुकलेली भिंत आणि खचलेली पायवाट: धिरा द्यावा की नव्याने बांधावी?

बागेतली माती अडवणारी संरक्षक भिंत पुढे झुकली आणि तिच्या वरच्या अंगाची पायवाट खचली, की ही दोन वेगळी कामे समजली जातात. बहुतेक वेळा दुखणे एकच असते. भिंत पुढे सरकते, मागची माती त्या पोकळीत उतरते आणि वाट खाली बसते. म्हणून भिंत स्थिर झाल्याशिवाय पायवाटेवर एक पाटी मुरूमही टाकू नये.

आधी भिंतीवरचा रेटा बघा. एक मीटर उंच भिंतीला मागची कोरडी माती लांबीच्या दर मीटरला साधारण ३०० किलोचा रेटा देते. मागे काठोकाठ पाणी साचले, तर एकट्या पाण्याचाच रेटा ५०० किलो होतो आणि भिजलेल्या मातीचा त्यात आणखी मिळतो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. गुडघाभर भिंतीला चालून गेलेला उपाय छातीभर भिंतीला का पुरत नाही, ते यातून कळते.

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे भिंतीला हात न लावता फक्त पाण्याला वाट देणे. पायथ्यालगत दर एक ते दीड मीटरवर भोक पाडून ७५ मिलिमीटरचा पाइप बसवायचा आणि वरून येणारे पाणी दुसरीकडे वळवायचे. झुकाव थोडा असेल, तडे नसतील, तर हे जरूर करून बघा. वरून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून भिंतीचा पायथा किती मागे आहे ते मोजा, तारखेसह लिहून ठेवा आणि जोराच्या पावसानंतर पुन्हा मोजा. आकडा वाढत नसेल तर पुढचा खर्च टळला. भिंत सरळ होणार नाही, पण तिने माती धरून ठेवली की पुरे.

आकडा वाढत असेल, तर पुढून धिरे, म्हणजे भिंतीला टेकून बांधलेले आधाराचे खांब, देण्याचा सल्ला हमखास मिळतो. भिंतीचे अंग धडधाकट असेल आणि पुढे जागा असेल, तर तो वाईट नाही. मात्र धिऱ्याला स्वतःचा पाया हवा, तोही भिंतीच्या पायापेक्षा उथळ नको, आणि तो खणताना भिंतीचा पायथा एकदम उघडा पाडायचा नाही. एकेक धिरा पुरा करत जायचे. भिंतीच्या मध्यावर फुगवटा आला असेल, तर धिऱ्यांमधला भाग फुगतच राहतो. धिरा देऊन पाण्याची वाट न करणे हे मला सर्वात वाया गेलेले काम वाटते. मागच्या घट्ट जमिनीत सळया नेऊन भिंत बांधून ठेवण्याचीही पद्धत आहे, पण छोट्या बागेला ती क्वचितच परवडते.

मीटरभर उंचीपर्यंत माझा कौल भिंत उतरवून पुन्हा रचण्याला आहे. जुना दगड परत वापरता येतो आणि मागचा भराव नव्याने घालायची हीच एक संधी असते. चुना-सिमेंटशिवाय केलेल्या कोरड्या दगडी रचाईतून पाणी आपोआप झिरपते, जमीन थोडी हलली तरी ती तग धरते. तिला जागा मात्र लागते: तळाची रुंदी उंचीच्या निम्मी, दर्शनी बाजू मागे कललेली, आणि मधूनमधून पूर्ण जाडीभर जाणारे लांब दगड. जाळीत दगड भरून केलेली भिंतही निचऱ्याला तितकीच चांगली, पण तीही रुंद असते. जागा अडचणीची असेल तर सळईच्या काँक्रीटची भिंत बारीक होते. तिच्या मुख्य सळया मातीकडच्या बाजूला असायला हव्यात, कारण ताण तिथे येतो. काँक्रीट ओतण्याआधी हे स्वतः तपासा. भिंत कोणतीही असो, मागे फुटभर जाडीचा खडीचा थर, तळाशी भोके असलेला पाइप, आणि खडी व माती यांच्यामध्ये गाळण कापड हवेच.

उंची सव्वा मीटरच्या वर असेल, किंवा भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात घर, रस्ता किंवा शेजाऱ्याची हद्द येत असेल, तर संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही दगड काढू नका.

आता पायवाट. खड्ड्यावर काँक्रीटचा थर ओतणे झटपट होते, पण १० सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो वजन नेमके भिंतीच्या मागे टाकतो. फरशा किंवा ब्लॉक उचलून पुन्हा बसवणे हेच बरे. खाली पाण्याचा नळ जात असेल तर आधी सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का बघा. गळतीने माती वाहून जात असेल, तर वाट पुन्हा खचेल. मग घट्ट जमीन लागेपर्यंत खणा, १० ते १५ सेंटिमीटरच्या थरांत मुरूम टाकून प्रत्येक थर ओलसर करून धुमसाने ठोका, वर वाळूचा पातळ थर द्या आणि मीटरला दोन सेंटिमीटर उतार ठेवा. तो उतार पन्हळीकडे जावा, भरावात नको.

नव्या भिंतीमागचा भराव कितीही ठोकला तरी थोडा बसतोच. पहिल्या पावसाळ्यात वाटेवर नुसती खडी पसरून चाला आणि बसलेली जागा भरून घेऊन मगच फरशी लावा.