निबंधाचे अकरा खर्डे आणि गूगल डॉक्स

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन प्रवेश अर्जाचा, निबंध लिहायचा होता. मर्यादा 650 शब्दांची आणि माझा पहिला खर्डा 912 चा. विषय आजोबांची पिठाची गिरणी. पहिला अख्खा परिच्छेद कष्टाचं महत्त्व सांगण्यातच गेलेला. पैसे घेऊन तपासून देणाऱ्या एकांनी तो तसाच ठेवला, वर दोन जड शब्द घातले.

मग फाइल गूगल डॉक्सवर टाकली आणि ताईला ‘सजेस्टिंग’मध्ये, म्हणजे बदल फक्त सुचवता येतात त्या मोडमध्ये, तपासायला दिली. यात कुणी काही परस्पर पुसून टाकत नाही. खोडलेलं वाक्य रेघ मारलेलं तिथंच दिसतं, ते ठेवायचं की काढायचं हे मी ठरवायचं. निबंध माझा आहे, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. ‘आजोबा खूप मेहनती होते’ या वाक्यापाशी ताईने कडेला एवढंच लिहिलं, ‘म्हणजे काय करायचे?’ त्या रात्री आठवलं, दळण कुणाचं ते आजोबा डब्याच्या झाकणावर खडूने लिहायचे आणि गिरणी बंद करून घरी आले तरी त्यांच्या भुवया पिठाने पांढऱ्या असायच्या. त्या भुवयाच पहिल्या वाक्यात आल्या.

व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलची जुनी रूपं तारखेनुसार दाखवणारी डॉक्समधली सोय, तर जरूर वापरा. सातव्या खर्ड्यात कापलेलं आईबद्दलचं एक वाक्य मला दहाव्यात परत हवं होतं, तारीख बघून लगेच सापडलं. खर्ड्यांना नावं मात्र आधीपासून द्या. तपासायला मोबाइल नको, लॅपटॉपच घ्या. अकराव्या खर्ड्यात 648 शब्द भरले आणि तोच पाठवला.